बॅटलफील्ड फाइव्हच्या रॉटरडॅममधून डच सैनिक गेले कुठे?

डिंकाची बाटली:

मंडळी, आधीच सांगतो, मी इतिहासाचा अभ्यासक वगैरे नाही. मी प्लास्टिकची मॉडेलं जोडतो. १/७२ मापाची, बहुतेक दुसऱ्या महायुद्धातली विमानं. रात्री तासभर टेबलावर, आणि डोळे चुरचुरायला लागले की तासभर बॅटलफील्ड फाइव्ह, म्हणजे त्याच महायुद्धावरचा व्हिडिओ गेम. (चुरचुरणाऱ्या डोळ्यांना स्क्रीन हा उपाय नव्हे, हे घरात सांगून झालंय. तुम्ही सांगू नका.)

सध्या टेबलावर हाइंकेल ५९ आहे. जर्मनांचं दुपंखी समुद्री विमान, चाकांच्या जागी दोन लांबलचक होड्या. १९४० सालीसुद्धा ते जुनाटच होतं. त्याला रंग कुठला द्यायचा हे शोधत होतो, तेव्हा कळलं की या विमानाचा सगळ्यात गाजलेला दिवस म्हणजे १० मे १९४०. त्या पहाटे अशी १२ विमानं थेट नेदरलँड्समधल्या, म्हणजे डचांच्या, रॉटरडॅम शहरात, मास नदीच्या पाण्यावर उतरली. त्यांतून सुमारे १२० जर्मन सैनिक रबरी होड्यांनी काठाला लागले आणि त्यांनी पूल धरले. त्यांच्या मदतीला आणखी काही जण फुटबॉलच्या स्टेडियमजवळ पॅराशूटनं उतरले आणि त्यांनी चक्क ट्राम धरली. म्हणजे ट्राम थांबवली, ताब्यात घेतली आणि तिच्यात बसून पुलावर गेले. युद्धाला ट्रामनं!

एवढं वाचल्यावर कोण झोपतो? त्याच रात्री गेममध्ये रॉटरडॅमचा नकाशा लावला आणि लढाई सोडून नुसता नदीकाठानं फिरत बसलो. तीनदा मेलो. पाण्यावर विमानं नव्हती, ते ठीक. पण डच कुठायत? समोर जर्मन आणि आमच्या बाजूला ब्रिटिश. शहर डचांचं, पुलाचं उत्तरेकडचं टोक चार दिवस सोडलं नाही ते डच मरीन्सनी, १४ मेच्या बॉम्बहल्ल्यात ८०० हून जास्त माणसं मेली आणि ८० हजारांच्या आसपास बेघर झाली तीही तिथलीच. त्या बॉम्बहल्ल्यानंतरच्या पडक्या शहराचा आणखी एक वेगळा नकाशा गेममध्ये आहे. तिथंही ब्रिटिशच. डच अशी बाजूच या गेममध्ये नाही.

मग नार्विक बघितलं. नॉर्वेतलं हे बंदर २८ मे १९४० ला परत घेतलं ते नॉर्वेजियन, फ्रेंच आणि पोलिश सैनिकांनी. ब्रिटिशांचं मोठं काम होतं समुद्रावर, एप्रिलमधल्या दोन नाविक लढायांत. गेममध्ये जमिनीवर पुन्हा आपले ब्रिटिश.

तर विचारायचं असं की आणखी काय काय चुकलंय यात? बंदुका-रणगाड्यांतलं मला फार कळत नाही. आणि कुठलं 'गेम आहे, चालायचंच' म्हणून सोडून द्यायचं, कुठलं नाही? मला रेघ कुठं मारायची तेच कळेना.

उंटावरून:

गेम आहे हो तो! गोळ्या लागून आडवा पडलेला माणूस एक सुई टोचली की उठून पळायला लागतो, ते तुम्हाला चालतं. विमानातून उडी मारून पॅराशूट नेमकं हव्या त्या गच्चीवर उतरतं, तेही चालतं. आणि डच नाहीत म्हणून झोप उडाली?

२०१८ साली या गेमचा पहिला ट्रेलर आला तेव्हा त्यात एक बाई सैनिक दिसली म्हणून जगभर बोंबाबोंब झाली होती. तुमचं त्यातलंच दिसतंय, फक्त जरा शिकलेलं.

डिंकाची बाटली:

नाही, त्यातलं नाही. बाई दिसल्यावर ओरडणाऱ्यांपैकी किती जणांना डच नसल्याचं दिसलं, तेवढं सांगा.

पण सुईचा मुद्दा चांगला काढलात. सुई मला खटकत नाही, कारण सुईनं मेलेला माणूस उठतो यावर गेम खेळणारं शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. रॉटरडॅम ब्रिटिशांनी लढवलं यावर मात्र मी स्वतः दोन वर्षं विश्वास ठेवून होतो. कुणी विचारलं असतं तर ठणकावून सांगितलंही असतं.

लोखंडी डबा:

बाटलीराव, आलो. रणगाड्यांचं नाव काढलंत म्हणजे मला हाकच मारलीत.

तुम्ही उत्तर फ्रान्समधल्या अरासचा नकाशा खेळला असालच. पिवळी फुलं, शेतं, मधे गाव. आता खरं अरास ऐका. २१ मे १९४०. जर्मन फौजा फ्रान्समधून समुद्राकडे सुसाट निघालेल्या, आणि ब्रिटिशांनी त्यांच्या कुशीत माटिल्डा रणगाडे घातले. माटिल्डा म्हणजे चालणारं कासव, वेग जेमतेम, पण चिलखत ७८ मिलिमीटरपर्यंत. जर्मनांच्या ३७ मिलिमीटरच्या रणगाडाविरोधी तोफांचे गोळे तिच्यावर आपटून खाली पडायचे. शेवटी जर्मन सेनापती रोमेलनं विमानं पाडायच्या ८८ मिलिमीटर तोफा आडव्या करून रणगाड्यांवर चालवल्या, तेव्हा कुठं हल्ला थांबला. माटिल्डा नसेल तर अरासच्या लढाईत सांगण्यासारखं उरतं काय?

गेममध्ये माटिल्डा नाही. कुठल्याच नकाशात नाही. ब्रिटिशांना मिळतो चर्चिल नावाचा रणगाडा, जो पहिल्यांदा लढला ऑगस्ट १९४२ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर, दिएपला. आणि जर्मनांना त्याच अरासच्या शेतात टायगर रणगाडा! टायगर रणांगणावर आला १९४२ च्या उत्तरार्धात, लेनिनग्राडच्या बाजूला. म्हणजे जिथं जर्मनांचे गोळे ब्रिटिश रणगाड्याला लागून निष्फळ जात होते आणि त्यांची घाबरगुंडी उडाली होती, तिथंच गेममध्ये जाड चिलखताचा राक्षस जर्मनांकडे. गोष्ट साफ उलटी झाली.

बंदुकांचं तर विचारूच नका. एसटीजी ४४ या जर्मन बंदुकीतला ४४ म्हणजे सन १९४४. नावातच साल कोरलंय, तरी १९४० च्या रॉटरडॅममध्ये ती घेऊन पळता येतं. आणि कुठलीही बंदूक कुठल्याही बाजूनं घ्या, जर्मन बंदूक घेतलेला ब्रिटिश, ब्रिटिश बंदूक घेतलेला जर्मन. हे मात्र मी सोडून देतो. लोकांनी तासन्‌तास खेळून मिळवलेली बंदूक बाजू बदलली म्हणून काढून घेतली तर ते खेळणंच सोडतील.

पण एक गोष्ट आहे जी मी माझ्या सगळ्या मित्रांना ऐकवून त्यांचा छळ केलाय. पथकाच्या म्होरक्याकडे पुरेसे गुण जमले की त्याला आकाशातून रॉकेट मागवता येतं. जर्मनांना व्ही-१, म्हणजे खरं तर रॉकेट नव्हे, इंजिनावर उडत जाणारा बॉम्ब. हे खरं शस्त्र, पण लंडनवर पहिल्यांदा सुटलं १३ जून १९४४ ला. आणि त्याचा नेम? लक्ष्य लंडनएवढं अवाढव्य, तरी कितीतरी शहराबाहेर शेतात पडली. गेममध्ये दुर्बिणीतून बोट दाखवलं की त्या चौकात हजर. बरं, जर्मनांना दिलं तर ब्रिटिशांनाही काहीतरी द्यायला हवं. त्यांना दिलं जेबी-२. हे काय, तर अमेरिकनांनी पडलेल्या व्ही-१ चे अवशेष जमवून केलेली त्याचीच नक्कल. पहिलं उड्डाण ऑक्टोबर १९४४. युद्धात एकदाही वापरलं गेलं नाही. म्हणजे १९४४ च्या जर्मन उडत्या बॉम्बची अमेरिकन नक्कल, ब्रिटिश शिपायानं, १९४० च्या डच शहरात, डच नसताना मागवायची!

एवढ्या चुका एका वाक्यात बसवायला प्रतिभा लागते.

जुना गनर:

मी गेम खेळत नाही. मुलगा खेळतो, मी मागे खुर्चीत बसून बघतो. नोकरी पायदळात झाली, त्यातली बरीच वर्षं मशीनगनवर. म्हणून तेवढंच बोलतो.

मुलानं जर्मन एमजी ४२ घेतली होती. एकटा. खांद्याला लावून जिने चढत होता. एमजी ४२ मिनिटाला १२०० च्या आसपास गोळ्या टाकते, म्हणजे सेकंदाला २०. आता या गोळ्या येणार कुठून? एका माणसानं किती उचलायच्या? मशीनगन ही एका माणसाची वस्तूच नाही. एक चालवतो, दुसरा माणूस गोळ्यांचा पट्टा हातात धरून आत सरकवतो, बाकीचे पेट्या आणि जादा नळ्या वाहतात. जादा नळ्या अशासाठी की सलग मारा केला तर दीडशे-दोनशे गोळ्यांनंतर नळी बदलावी लागते. तापलेली नळी, हातात ॲस्बेस्टॉसचा जाड कपडा, आणि तेवढे चार-सहा सेकंद समोरच्याला कळतं की तुमची गन गप्प झालीय. आम्ही सराव करायचो तो नेम धरण्याचा कमी आणि या सेकंदांचा जास्त. गेममध्ये नळी लाल होते, जरा दम धरला की आपोआप निवते. मुलगा म्हणाला, "बाबा, कूलडाऊन आहे." असेल.

एक गोष्ट मात्र बरोबर केलीय. ती गन दोन पायांवर नीट टेकवल्याशिवाय नेम धरता येत नाही. ज्यानं कुणी हे ठेवलं त्याला माझा सलाम.

आणि आवाज. मुलाच्या हेडफोनमध्ये मित्र गप्पा मारतात आणि सगळ्यांना सगळं ऐकू येतं. गनशेजारी दोन पट्टे मारून झाल्यावर शेजारचा काय म्हणतोय ते ओठांवरून ओळखावं लागतं. माझा डावा कान त्यातच गेला.

त्या महायुद्धात रणांगणावर निम्म्याहून जास्त सैनिक जखमी झाले किंवा गेले ते तोफा-मॉर्टरच्या गोळ्यांच्या तुकड्यांनी. ज्यानं मारलं तो कधी दिसलाच नाही. असा गेम कुणी विकत घेणार नाही, हेही मला कळतं.

उंटावरून:

काका, नमस्कार. तुमच्यापुढं बोलायची माझी पत नाही, तरी बोलतो.

बाटलीशेठ, तुमची रेघ मला आता थोडी दिसायला लागलीय, म्हणून एक माल मीच पुरवतो. कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर, २०१९ चा गेम. त्यात एका काल्पनिक देशात 'हायवे ऑफ डेथ' म्हणून जागा आहे, आणि तिथून पळणाऱ्या लोकांवर रशियनांनी बॉम्ब टाकले असं गेममधलं पात्र सांगतं. त्या नावाचा खरा रस्ता कुवेतहून इराककडे जातो. फेब्रुवारी १९९१ मध्ये माघार घेणाऱ्या इराकी ताफ्यांवर तिथं बॉम्ब टाकले ते अमेरिका आणि तिच्या मित्रांनी. देश काल्पनिक करायचा, नाव खरं ठेवायचं आणि दोष तिसऱ्याच्या गळ्यात घालायचा. तुमचे डच निदान नुसते विसरले गेले.

आता पुन्हा उंटावर चढतो.

रात्रपाळी:

धागा वाचला. सगळ्यांनी सामुदायिक नकाशांबद्दल लिहिलंय, पण या गेममध्ये एकट्यानं खेळायच्या ज्या कथा आहेत त्यांतली 'नॉर्डलिस' कुणी काढली नाही. माझी खरी तक्रार तिच्याबद्दल आहे.

कथा अशी: १९४३, नॉर्वे, बर्फ, रात्र. सोलवाइग नावाची तरुण मुलगी स्कीवरून, फेकायचे चाकू घेऊन, जड पाण्याच्या कारखान्यात शिरते. आत तिची आई कैदेत. मग चकमकी, आगी, पाठलाग, शेवटी जड पाणी घेऊन निघालेली जर्मन पाणबुडी. दिसायला ही सगळ्या गेममधली सगळ्यात सुंदर मोहीम आहे. हिरवा ध्रुवीय प्रकाश, श्वासाची वाफ. मी दोनदा खेळलोय.

कारखाना खरा आहे, र्‍युकान गावाजवळचं वेमोर्क. अणुभट्टीसाठी लागणारं जड पाणी तिथं बनायचं आणि ते जर्मनांना मिळू द्यायचं नव्हतं. नोव्हेंबर १९४२ मध्ये ब्रिटिशांनी पहिला प्रयत्न केला, दोन ग्लायडरांतून, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांतून, इंजिनियर पाठवले. दोन्ही ग्लायडर कोसळले. काही जण आपटून मेले, जे वाचले त्यांना जर्मनांनी ठार केलं. एकूण ४१.

त्यानंतर ब्रिटनमध्ये तयार झालेले सहा नॉर्वेजियन १६ फेब्रुवारी १९४३ ला पठारावर उतरले. आधीपासून तिथं हिवाळा काढत असलेल्या चौघांना जाऊन मिळाले. म्होरक्या योआखिम रोनेबर्ग, वय २३. २७ तारखेच्या रात्री नऊ जण निघाले. कारखान्याकडे जाणारा झुलता पूल ७५ मीटरचा आणि त्यावर जर्मन पहारा. पहारेकऱ्यांना गोळ्या घालता आल्या असत्या. पण मग गावातल्या लोकांना त्याची किंमत मोजावी लागली असती. म्हणून ते घळीत उतरले, बर्फाळ नदी ओलांडली आणि पलीकडचा कडा चढून रेल्वेच्या रुळांवर आले. केबलच्या बोळकांडीतून सरपटत आत शिरले. स्फोटकं लावली. वाती दोन मिनिटांच्या होत्या, त्या कापून तीस सेकंदांच्या केल्या. म्हणजे निघून जाण्याआधी स्फोट झाल्याची खात्री व्हावी. ब्रिटिशांचं काम आहे असं जर्मनांना वाटावं म्हणून एक टॉमी गन मुद्दाम तिथं टाकली.

धमाका भिंतींमुळे दबला. एक जर्मन पहारेकरी बाहेर आला, इकडे तिकडे उजेड फिरवला आणि आत निघून गेला.

एकही गोळी सुटली नाही. दोन्ही बाजूंनी एकही माणूस मेला नाही. सुमारे ५०० किलो जड पाणी गटारात गेलं. पाच जण स्कीवरून ४०० किलोमीटर जाऊन स्वीडनला पोहोचले. त्यांना शोधायला हजारो जर्मन सैनिक पठार पालथं घालत होते.

पुढच्या वर्षी उरलेलं जड पाणी जर्मनीकडे निघालं तेव्हा ते पाणबुडीत नव्हतं. तळ्यावरच्या साध्या फेरीबोटीत होतं. २० फेब्रुवारी १९४४ ला ती बुडवली. १८ माणसं गेली, त्यांतली १४ नॉर्वेजियन, बोटीवरचे कामगार आणि प्रवासी. ज्यांनी बोट बुडवली त्यांना प्रवासी असणार हे माहीत होतं. गेमला गोष्ट हवीच होती तर ही होती की.

मुलगी दाखवली याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या युद्धात ब्रिटिश हेरखात्यातर्फे शत्रूच्या मुलखात उतरलेल्या बायका होत्याच. माझं म्हणणं एवढंच की या मोहिमेचं सगळं कसब न लढण्यात होतं, आणि गेमनं नेमकं तेच काढलं. आत कारखान्यात रात्रपाळीचा एक नॉर्वेजियन म्हातारा होता. (माझं टोपणनाव त्याच्यावरून.) रोनेबर्ग वात पेटवणार, एवढ्यात तो म्हणाला, "थांबा, माझा चष्मा राहिलाय. युद्धात दुसरा मिळत नाही." आणि जर्मन अणुबॉम्ब रोखायला आलेला माणूस काडी बाजूला ठेवून चष्मा शोधायला लागला.

रोनेबर्ग २१ ऑक्टोबर २०१८ ला वारला, ९९ व्या वर्षी. गेम बाजारात आला २० नोव्हेंबरला.

डिंकाची बाटली:

काल रात्री तुमचं वाचून नॉर्डलिस पुन्हा लावली. कुणालाच न मारता पुढं जायचं ठरवलं. बरंच जमतं, खरंच. अंधार आहे, वाटा आहेत, बर्फातून मागून निसटता येतं. चाळीस मिनिटं दबकत गेलो. मग एका ठिकाणी मला नको असतानाही धुमश्चक्री झाली आणि मी वैतागून गेम बंद केला.

मग मला आठवलं की याच गेममध्ये 'तिरायर' नावाची कथा आहे. सेनेगलमधून आणलेले काळे सैनिक, १९४४, दक्षिण फ्रान्स. ते फ्रान्ससाठी लढतात, मरतात, आणि शेवटी विजयाच्या फोटोतून त्यांना पुसलं जातं. हे प्रत्यक्षातही झालं. त्याच वर्षी शरद ऋतूत त्यांना मागे पाठवून त्यांच्या जागी गोरे फ्रेंच भरले गेले. ती कथा खेळताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि बनवणाऱ्यांचं मी मनापासून कौतुक केलं होतं. त्याच लोकांनी त्याच डिस्कवर रॉटरडॅमच्या फोटोतून डच पुसले. आपण काय करतोय हे त्यांना चांगलं कळत होतं, याचंच मला जास्त लागलं.

गनरकाका, तुमच्या मुलाला सांगा, नशीबवान आहे.

डबेसाहेब, टायगर मीही गेली दोन वर्षं अरासला चालवतोय. आता चालवताना लाज वाटते. चालवतो मात्र.

लोखंडी डबा:

मीही चालवतो. कुणाला सांगू नका. हाइंकेलचं काय झालं?

डिंकाची बाटली:

होड्या लावून झाल्या. मग जुना फोटो जवळून बघितला तर कळलं, डावी-उजवी अदलाबदल झालीय. डिंक सुकलाय. टेबलावर ठेवताना भिंतीकडे तोंड करून ठेवलंय.

उंटावरून:

ते सगळं राहू द्या. म्हाताऱ्याचा चष्मा सापडला का?

रात्रपाळी:

डबी सापडली. त्याच्या हातात दिली. त्यानं उघडली तर रिकामी. मग रोनेबर्गनं पुन्हा काडी खाली ठेवली आणि पुन्हा शोधला. सापडला.